चिंचोक्यानं बुजवलेली टाकी

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा माझी सवत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडून घरी आली. सवत हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. शंभर सीसीची टू-स्ट्रोक मोटरसायकल होती ती, लाल टाकीची. यांनी तिचं मूळचं हँडल काढून शर्यतवाल्यांसारखं खाली वाकलेलं बसवलं होतं, त्यामुळं चालवताना माणूस टाकीवर पालथा पडल्यासारखा दिसायचा. नव्वदच्या आसपास आमच्या तामसीच्या बाजूला अशी गाडी दुसरी नव्हती. आवाज ओढ्यापलीकडून यायचा आणि सासूबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायच्या, "आली पाह्य तुह्यी सवत. चहा ठेव."

हे नार्नूरकडच्या एका शाळेत मास्तर होते. आठवडाभर तिकडं खोली करून राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की गाडीला किक मारून घरी यायचे. त्या शनिवारी एका वळणावर लोकांनी ज्वारीची कणसं डांबरावर पसरली होती. आमच्याकडे मळणीची ही सोपी रीत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वरून जातात, दाणे आपोआप सुटतात. बस जाते, लॉरी जाते, बैलगाडी तर जातेच. वेगात आलेली मोटरसायकल मात्र जात नाही. ती दाण्यांवरून घसरली आणि पुलाच्या कठड्यावर आदळली. ज्यांची ज्वारी होती त्यांनीच यांना उचलून जीपमध्ये घातलं आणि आदिलाबादच्या दवाखान्यात आणलं. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता.

गाडीचं काय झालं ते ट्रॉलीत दिसलंच. पुढचे दोन्ही शॉकअप मागं वळलेले, पुढच्या चाकाची रिंग वेडीवाकडी, हेडलाइट गायब, आणि टाकीला एवढा मोठा पोचा की त्यात अर्धा नारळ बसावा. आदिलाबादच्या मेकॅनिकनं एकदा बघितलं आणि भंगारात द्या म्हणाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, जिनं रक्त पिलं ती गाडी दारात ठेवू नये. सासूबाईंना स्वतःला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती, पण हे ऐकून त्या उखडल्या. "लोखंड काऊन रक्त पिईल बाई? आमच्या घरात असलं काही मानत नाईत," म्हणाल्या आणि गाडी कडुनिंबाखाली लावून वर जुनी चादर टाकली.

प्लॅस्टर निघालं तेव्हा डॉक्टर खुश होते. हाड छान जुळलं होतं. "नडवंडी, मास्टारु, नडवंडी," असं तेलुगूतून चाला-चाला म्हणत त्यांनी यांच्या पाठीवर थाप मारली. मला बाजूला घेऊन हिंदीत जे सांगितलं ते वेगळं होतं. आता पाय टेकवला नाही तर गुडघा आखडेल, आणि मग जन्माची कुबडी.

आणि हे पाय टेकवत नव्हते. कुबडी काखेत धरून बाजेवरून मोरीपर्यंत जायचे ते उजवा पाय हवेत धरून. जमिनीला बोट लागलं तरी कळवळायचे. दुखत असेल, नाही म्हणत नाही. पण दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. घरी आल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. मी पाय चोळून दिला, सासूबाईंनी गरम विटेनं शेकला. मी लाडानं सांगितलं, मग चिडून सांगितलं, मग एकदा जेवणाचं ताट उचलून परत नेलं. काही उपयोग झाला नाही. मला त्यांचा इतका राग यायचा आणि त्याच वेळी इतकं भरून यायचं, की दोन्ही एकाच पोटात कसं मावतं कोण जाणे.

एक दिवस कोंबडीनं गाडीच्या चादरीखाली, सीटवर अंडं घातलं. अंडं काढायला मी चादर ओढली आणि गाडी कलली. आतून आवाज आला, "तिले हात नको लावू!" कितीतरी दिवसांत हा माणूस घरात पहिल्यांदा ओरडला होता. मी अंडं हातात धरून उभीच राहिले. मग सरळ आत गेले आणि म्हटलं, "अहो, हिचं पुढचं चाक कसं काढतात?"

मला गाडी नको होती, पाय हवा होता. त्यांना पाय नको होता, गाडी हवी होती. बरं, गाडी तर गाडी. दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणाचं गॅरेज झालं. त्यांची बाज मी कडुनिंबाखाली ओढली. ते बसल्या जागेवरून सांगायचे आणि मी करायची. तेरा-चौदाचा पाना कोणता, पेचकस कसा दाबून फिरवायचा, नट डावीकडं सुटतो की उजवीकडं, हे मला माहेरी कोणी शिकवलं नव्हतं. सुटा झालेला प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुवायचा आणि पोत्यावर ओळीनं मांडायचा. माझ्या हातांना रॉकेलचा वास इतका बसला की मी थापलेली भाकरी सासूबाई नाकाशी नेऊन मग खायच्या.

शॉकअप मी बसनं आदिलाबादला लेथ चालवणाऱ्या खरादवाल्याकडे नेले. सरळ करून आणले तर कंडक्टर म्हणाला, "तोफ घेऊन कुठं चालल्या बाई?" चाकाची रिंग मात्र यांनी घरीच सरळ केली. दोन खुंट्यांमध्ये चाक अडकवायचं, मी ते फिरवायचं आणि यांनी कडेला शाळेचा खडू धरायचा. जिथं रिंग वाकडी तिथं खडू घासून पांढरी खूण उमटायची. मग तिथला स्पोक आवळायचा, समोरचा ढिला करायचा, परत चाक फिरवायचं. मास्तरांना हे काम फार मानवलं. शाळेतल्या पोरांसारखं चाकालाही दटावायचे, "सरळ चाल, सरळ." मी मनात म्हणायची, दुसऱ्याला सांगणं किती सोपं असतं!

मी एक लबाडीही करायची. पान्यांचा डबा रोज बाजेपासून थोडा आणखी लांब ठेवायची आणि त्यांना पाना लागला की आत निघून जायची. मला हाका मारून कंटाळले की ते कुबडी घेऊन उठायचे. उठायचे, पण पाय हवेतच. गाडी रोज थोडी थोडी जोडली जात होती आणि पाय होता तिथंच होता. मला धास्ती वाटायला लागली. गाडी पूर्ण झाली आणि हा माणूस तसाच राहिला तर? किक उजव्या पायानं मारायची असते. तयार झालेली गाडी समोर आणि किक मारता येत नाही, असं झालं असतं तर त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतं, आणि मग मला त्यांना वळवता आलं नसतं.

शेवटी राहिली टाकी. पोचा आतून ठोकून जमेल तेवढा वर आणला, तरी खड्डा राहिलाच. तो बुजवायची पुटी आदिलाबादहून आणायची होती, पण दुकानात ती संपली होती. तेव्हा सासूबाई मधे पडल्या. त्या मूळच्या निर्मल गावच्या. लहानपणी लाकडी खेळणी करणाऱ्या एका घरात त्या कामाला जायच्या, चिंचोके भाजून, सोलून, वाटून द्यायच्या. चिंचोक्याची शिजवलेली खळ आणि लाकडाचा चाळलेला भुसा एकत्र मळला की त्याचा लगदा होतो. त्यानं बाहुलीचं नाक घडवतात, माकडाची शेपटी जोडतात. वाळला की लाकडासारखा टणक.

"आई, हे माकड नाई, गाडी आहे," हे म्हणाले.

"टाकी काय अन् माकड काय, खड्डा तं खड्डाच," सासूबाई म्हणाल्या. "तुह्या त्या डब्यातल्या पुटीपेक्षा माह्यं चांगलं टिकते. मी केलेला हत्ती अजून कोणाच्या तरी घरी उभा असन."

गाडीला सवत म्हणणारी बाई आपण होऊन तिच्या औषधपाण्याला बसली, याचंच यांना इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी टाकी आईच्या हातात दिली. सासूबाईंनी दोन दिवस चिंचोके भिजवले, वाटले, शिजवले. लगदा खड्ड्यात भरला, पाण्याचा हात घेऊन असा गुळगुळीत केला की मीही बोट फिरवून बघितलं. मग टाकी उन्हात, अंगणाच्या पार टोकाला, दगडी कट्ट्यावर वाळत ठेवली. खेळणीवाल्यांच्या घरी हा माल आत फळीवर वाळायचा, आणि त्या घरी शेळ्या नव्हत्या. एवढं एक सासूबाईंच्या लक्षात आलं नाही.

दुपारची वेळ. मी मोरीपाशी भांडी घासत होते, सासूबाई आत पडल्या होत्या, हे बाजेवर बसून कार्बोरेटर पुसत होते. शेजारची शेळी कधी आत शिरली कुणास ठाऊक. मी मान वर केली तेव्हा तिचे पुढचे पाय कट्ट्यावर होते आणि ती मोठ्या आवडीनं आमची टाकी चाटत, कुरतडत होती.

"ए! हाड! हाड! माह्यी टाकी!"

मी उठेपर्यंत हे तिथं पोचलेसुद्धा होते. त्यांनी शेळीचा कान धरून तिला मागं ओढलं, एक रट्टा दिला, टाकी उचलून छातीशी धरली आणि शेळीच्या मालकिणीच्या नावानं तोंड सोडलं. आवाजानं सासूबाई दारात आल्या. त्यांनी टाकीकडे बघितलं नाही, शेळीकडेही बघितलं नाही. त्या बाजेकडे बघत होत्या. कुबडी बाजेला टेकून उभी होती.

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पदर तोंडात धरून मानेनं मला नाही म्हटलं. पण यांचं आमच्याकडे लक्ष गेलं. आम्ही दोघी अशा का बघतोय म्हणून त्यांनीही मागं बघितलं. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला. उजवा पाय थरथरायला लागला.

"कुबडी आण," ते म्हणाले.

मी भांडं खाली ठेवलं. पळत जाऊन द्यावी असं मला किती वाटलं! पण तोंडातून निघालं, "नाई आणत."

"अगं, पडून जाईन मी!"

"जाताना नाई पडले. जसे गेले तसेच या."

"आई, हिले सांग काही!"

सासूबाई आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. "मले काय सांगतोस? माह्या लगद्याचं शेळीनं वाटोळं केलं, मी त्या दुःखात आहो," म्हणाल्या. पण त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

ते खूप वेळ तिथंच उभे होते. मला शिव्या दिल्या. माझ्या माहेराला दिल्या. शेळी परत लगद्याचा वास काढत त्यांच्याजवळ आली. तिला हुसकायला त्यांनी डावा पाय उचलला, आणि सगळा भार उजव्यावर आला. त्यांना ते कळलं. मला कळलं. ते तसेच एका पायावर, त्याच पायावर, क्षणभर उभे राहिले. मग डावा टेकवला आणि उजवा पुढं टाकला. मग पुन्हा डावा. दात आवळून, घामानं निथळत, टाकी पोटाशी धरून ते आमच्यापर्यंत आले आणि टाकी माझ्या हातात देऊन खाली बसले.

"लई वाईट बाई आहेस तू," म्हणाले.

"आहोच," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी फतकल मारून बसून मोठ्यानं रडले. सासूबाई शेळी हाकलायला गेल्या. त्यांनी शेळीला मारलं नाही, थोडी ज्वारी घातली, हे मी बघितलं.

पुटी पुढच्या आठवड्यात आली. टाकी पुन्हा लाल झाली, पण यांनी कुंचल्यानं रंगवली म्हणून जवळून बघितलं की ओघळ दिसायचे. गाडी उभी राहिली त्या दिवशी अर्धा गाव अंगणात होता. हे सीटवर बसले, किकचा दांडा बाहेर ओढला, त्यावर उजवा पाय ठेवला आणि थांबले. या वेळी मी काही म्हटलं नाही. हट्ट मी एकदा करून चुकले होते, तेवढं काळीज माझ्यात पुन्हा नव्हतं. पहिली किक नुसतीच गेली. दुसरीही. तिसरीला की चौथीला इंजिन फुटफुटलं आणि चालू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे गाडीकडे बघत होते, मी त्या पायाकडे बघत होते. खाली गेला, वर आला, फूटरेस्टवर टेकला.

"बस मागं," हे म्हणाले.

"आधी एकटे जाऊन या. आले परत, तं बसीन."

त्या शनिवारी ते घरी पोचलेच नव्हते. त्यांना माझं बोलणं कळलं. हसले नाहीत. हळू गेले, ओढ्यापर्यंत. आवाज लांब गेला, थोडा वेळ बंदच पडल्यासारखा वाटला, आणि मी श्वास धरून उभी. मग तो पुन्हा ऐकू यायला लागला, जवळ जवळ येत. ते दारात येऊन थांबले आणि इंजिन बंद न करता माझ्याकडे बघत राहिले.

आमच्याकडे बायको मागं बसते ती एका अंगाला, मधे हातभर जागा सोडून, फार तर सीटचा पट्टा धरून. मीही तशीच बसायची. त्या दिवशी बसले आणि सगळ्या गावासमोर, सासूबाईंसमोर, त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी गच्च मिठी मारली.