सरकी नसलेला कापूस

हे मी आजवर कुणाजवळही बोलले नव्हते. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. परवा नसरीनजवळ बोलले, आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर — तुम्हालाही सांगून टाकते.

अमरावतीत घरोघरी केबल पोचली होती, तेव्हाची गोष्ट. एका केबलवाल्याचं स्वतःचं चॅनल होतं आणि त्यावर शनिवारी संध्याकाळी मी आणि नसरीन नव्या पिक्चरवर, मालिकांवर बोलायचो. आम्ही कॉलेजच्या मैत्रिणी. मी वलगावची, घरी भाजीचा मळा. ती अकोल्याची, जुन्या शहरात तिच्या अब्बांचं कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान. शनिवारी ती एसटीने यायची, आम्ही दुपारचा खेळ बघायचो, टपरीवर चहा घ्यायचो आणि तिथून थेट कॅमेऱ्यासमोर. लोकांना आमचं भांडण आवडायचं. ती ज्याला वाईट म्हणेल त्याला मी चांगलं म्हणायचे, आणि ती चांगलं म्हणाली की मी नाक मुरडायचे. बाजारात बायका थांबवून विचारायच्या, तुम्ही खरंच एवढ्या भांडता का?

आता खरं सांगू? मी पिक्चर पाहतच नव्हते. झोपायचे.

हसू नका. पहाटे उठून मेथीच्या, पालकाच्या जुड्या बांधायच्या, वडिलांसोबत बाजार गाठायचा — आणि दुपारी त्या गार अंधारात मऊ खुर्ची. पडद्यावर नावं संपेपर्यंत माझी मान कलंडलेली असायची. नसरीन पिक्चरमध्ये इतकी बुडालेली असायची की तिला पत्ताच नसे. मग चहा पिताना ती सगळं बोलायची — गोष्ट काय, कोण खोटं रडलं, कुठलं गाणं उगाच घुसवलं — आणि मी तेच उलटं करून कॅमेऱ्यासमोर मांडायचे. यात कुणाचं काय बिघडतंय, असं मला वाटे.

मग तो पिक्चर आला. आपल्याकडच्या कापसावरचा, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या विधवेचा. ती वर्षं कशी होती ते तुम्हाला ठाऊक आहे — रोज पेपरात कुठल्या तरी गावाचं नाव, कधी नांदगाव खंडेश्वरकडचं, कधी अगदी आमच्या शेजारचं. लोक डोळे पुसत थिएटरबाहेर पडत होते. मीही डोळे चोळतच बाहेर आले, पण माझं कारण वेगळं होतं. नसरीन मात्र चिडली होती. "काय दाखवून राहिले हे? बाई झाडावरचा कापूस वेचते, अन् तिच्या ओटीत रुई! सरकीच नाही त्यात. माह्या अब्बाच्या दुकानातली पिंजलेली रुई नेऊन टाकली जशी. ज्यायनं कधी बोंड हातात घेतलं नाही, ते आपल्याले रडवून राहिले."

कॅमेऱ्यासमोर तिने हेच सांगितलं, शांतपणे. आणि मी — न पाहिलेल्या पिक्चरबद्दल — डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "नसरीन, तुला कापूस गादीत दिसतो. आम्हाला तो शेतात दिसतो."

कार्यक्रम चालू असतानाच लोकांचे फोन सुरू झाले. माझी वाहवा. तिला मात्र लोक काय काय बोलले. गेलेल्या माणसांची थट्टा करते म्हणाले. एकाने तर सरळ विचारलं, या लोकांना शेतीचं दुःख काय कळणार? ती माझ्याकडे बघत होती. माझं एक वाक्य पुरलं असतं. तिची फुफी, म्हणजे आत्या, दुसऱ्यांच्या शेतात कापूसच वेचायची, हे मला माहीत होतं. मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या फुलांकडे बघत बसले.

तिचं बरोबर आहे हे मला टपरीवरच कळलं होतं. झाडावरून वेचलेल्या कापसात सरकी, म्हणजे बी, असतेच; वलगावच्या पोरीला हे सांगावं लागतं का? जागी असते तर तिच्याआधी मीच बोलले असते. पण वाहवा गोड लागत होती. दुसरं काही कारण नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून केबलवाल्याने तिला येऊ नको म्हणून कळवलं. मी मात्र गेले. तिच्या खुर्चीत दुसरी मुलगी बसली आणि मी तिच्याशीही भांडले. ते गादीचं वाक्य गावभर झालं. अजूनही एखादा म्हातारा दुकानदार मला ओळखतो आणि कौतुकाने ते म्हणून दाखवतो. मी हसते. नसरीनने मैत्री तोडली असती तर एकवेळ बरं झालं असतं, पण तिने तोडली नाही. ईदला, दिवाळीला फोन, लग्नकार्यात भेटी. फक्त पिक्चरचा विषय निघाला की म्हणायची, "तूच सांग बाप्पा, मले त्यातलं काई समजत नाही." ज्या बाईला सगळं समजत होतं, ती असं म्हणायची.

परवा अकोल्याला तिच्या घरी गेले होते. जेवण झालं, टीव्ही सुरू होता, आणि चॅनल बदलता बदलता — तोच पिक्चर. नावंच येत होती अजून. तिने बदलायला रिमोट उचलला, तर मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे, मी हा पाहिलेला नाही. तिला मस्करी वाटली. मग मी सांगितलं सगळं. झोप, चहा, उलटी करून विकलेली तिचीच मतं, आणि तो माणूस फोनवर बोलत असताना मी फुलं बघत बसले, ते. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. इतकं मोकळं वाटलं, इतकं हलकं, की त्याचीच मला थोडी लाज वाटली.

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. मग तिने टीव्हीचा आवाज वाढवला. "पाह्य मंग आता. झोपू नको."

पाहू लागलो दोघी. ती बाई शेतात उतरली, वाकली, वेचू लागली. तिच्या ओटीत पांढरंशुभ्र, फुललेलं काहीतरी पडत होतं. नसरीन पडद्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"बोल," ती म्हणाली.

"सरकी नाही त्यात," मी म्हणाले.