मी खोदलेली नाली

आईचं विसरणं वाढलं, तसा मी बंद पडलेला ब्लॉग पुन्हा उघडला. गेलेल्या बाबांच्या आठवणी निदान खऱ्याखुऱ्या लिहून ठेवाव्यात.

"आई, बाबानं तुह्यासाठी शिलाई मशीन कशी आणली होती?"

"शेलूबाजारहून, जीपच्या टपावर. उतरता उतरता थे नालीत पडले."

ती नाली मीच जुन्या लेखात खोदली होती, लोकांनी हसावं म्हणून. वर आईला तो लेख कौतुकानं वाचूनही दाखवला होता.

"नाली मी रचली, आई. खरं काय झालं थे सांग ना."

"तू होता काय तथी? मी होती."

तिच्याशिवाय पाहिलेलं कुणी उरलेलं नाही. मी पुन्हा विनवलं. ती हसली, "सारं धोतर भरलं होतं चिखलानं."

धोतर मी लिहिलं नव्हतं, आणि बाबांनी जन्मात नेसलं नव्हतं.