दुर्बीण की चिरा

टेबलावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "साहेब, सोपं करून सांगा." भातकुलीकडचे हे एक फूलशेतकरी भाऊ, माझ्यासमोर बसले की त्यांची सुरुवात अशीच. बोटांना झेंडूचा पिवळा रंग कायमचा. अमरावतीच्या आमच्या वॉर्डात दोन दिवसांत त्यांना सगळ्या सिस्टरांच्या घरचे देव ठाऊक झाले होते. कोणाला शेवंती लागते, कोणाला झेंडू.

त्यांना गुदाशयाचा कॅन्सर होता. गाठ अगदी खाली, अरुंद जागेत.

"पोट फाडून काढता का दुर्बिणीनं?"

"दुर्बिणीनं. छोटी छिद्रं, दुखणं कमी, लवकर घरी."

"थे समजलं. पन सारी गाठ कायनं निंगते?"

"हात चांगला असला की दोन्हींनी निघते, भाऊ."

वाक्य खरं होतं. पण माझा हात मुरलेला होता तो चिरा देऊन करण्यात. दुर्बिणीने इतक्या खालची गाठ मी मोजक्याच वेळा काढली होती, आणि तेवढं मी गिळलं. यंत्र नवं होतं, मला ते वापरायचं होतं. नव्या वस्तूपायी आंधळी झालेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यात मला धरा.

ऑपरेशनमध्ये खालचं नीट दिसेना. भूलतज्ज्ञ दोनदा म्हणाले, "उघडू या का?" मी हट्टाला पेटलो. शेवटी उघडलंच, पण तोवर गाठीपाशी ओढाताण झाली होती. रिपोर्ट आला: काढलेल्या भागाच्या पार कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी. म्हणजे आत काही राहिलं असणार.

पट्टी सोडल्यावर त्यांनी पोटाकडे पाहिलं. "भोकंबी पाडले अन् चिराबी देल्ला! एकावर एक फुकट." हसताना टाके दुखले, तरी हसले.

पुढे औषधं झाली, तरी वर्षभरात गाठ परत आली.

"मांगच्या बारीले राहून गेल्ती का जी?"

मी फाइलकडे पाहत म्हणालो, "आजारच तसा होता."

त्यांनी टेबलावरचा तळहात उचलून घेतला. मग म्हणाले, "बरं. तुमी जेवले का?"

नंतर ते अकोल्याला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. अकोल्याला निघण्याआधी तिवशाच्या एका पेशंटला त्यांनी माझ्याकडे पाठवलं होतं. त्याला मी माझ्या हाताची खरी गोष्ट सांगितली. भाऊंना ती कधी सांगितली नव्हती; दुसऱ्याच दिवशी मी भातकुलीचा रस्ता धरला.

त्यांची बायको शेतात फुलं खुडत होती.

"वहिनी, चूक माझी होती. मी त्यांच्याशी खोटं बोललो."

"त्यायले माईत होतं," हात न थांबवता त्या म्हणाल्या. "तुमी खाली पाह्यलं, तवाच समजलं म्हने. मले म्हनत, डॉक्टरले काही इचारू नको, तो शरमून राह्यला."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. मी शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा होतो, आणि त्या खुडत खुडत पुढच्या ओळीत गेल्या.