तळं ओलांडून आलेली सुईण

मेरनच्या तोंडाला कुलूप नाही, असं सगळी वाडी म्हणायची. स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या शेटलंड बेटांच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या पाच-सहा वाड्यांत जन्माला येणारं पोर डोळे उघडायच्या आधी मेरनचा आवाज ऐकायचं. तिला स्वतःला मूल नव्हतं. नवरा समुद्रावर गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून सुईणपण हेच तिचं घरदार. आपल्या हातून एकही बाळंतीण दगावली नाही, हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती अंगणात मासे वाळत घालत होती. तेवढ्यात म्हातारा लाउरी धापा टाकत आला. त्याची सून ऑस्ला दिवस भरायच्या आधीच अडली होती.

"मेरन, चल बाई लवकर. पोर आडवं आलंय म्हणते आमची म्हातारी."

"तुमच्या म्हातारीला काय कळतंय! तुम्ही बसा, दम खा, मागून या. मी होते पुढे."

गाठोडं पाठीला बांधून ती निघाली. लाउरीचं घर तळ्याच्या पलीकडे होतं. समोर दिसायचं, पण वाट सगळ्या तळ्याला वळसा घालून जायची, आणि मेरनचे गुडघे तर आधीच कुरकुरत होते. तळ्याकाठी एक करडं तट्टू चरत होतं. गुबगुबीत, अंग कसं तुकतुकीत. शेपूट मात्र पायांत दाबून धरलेली.

"कुणाचं रे तू? जाऊ दे, संध्याकाळी आणून सोडीन," म्हणत तिने आयाळ धरली आणि टांग टाकली.

हाताला आयाळ ओलीचिंब लागली. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. तट्टूने शेपूट सोडली, ती पाठीवर चाकासारखी गोल वळली आणि ते थेट पाण्यात घुसलं.

नगल! गिरणीचं चाक अडवून धरणारा, वाटसरूला पाठीवर घेऊन तळ्यात बुचकळणारा, पाण्यात राहणारा मायावी घोडा. त्याचं नाव घेतलं की त्याची जादू संपते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं. नाव मेरनच्या जिभेवर आलंसुद्धा. इतक्यात तिने समोर पाहिलं. घोड्याचं तोंड सरळ लाउरीच्या घराकडे होतं.

तिने दातांवर दात दाबले.

मध्यावर त्याने बुडी मारली. पाणी बर्फासारखं. मेरनने दोन्ही हातांनी आयाळ मनगटाला गुंडाळली आणि श्वास कोंडून धरला. वर आल्यावर त्याने मान वळवून पाहिलं, तर बाई तिथेच. पुन्हा बुडी. पुन्हा बाई तिथेच. चिडून फुरफुरत ते पलीकडे सुटलं. पायाला तळ लागतोय असं दिसताच मेरन ओरडली, "नगल! नगल! नगल, मेल्या!"

निळा जाळ भपकन उठला आणि विझला. मेरन कमरेएवढ्या पाण्यात बदकन बसली.

ती दारात शिरली तेव्हा लाउरीची बायको किंचाळलीच. "अगं, पोहत आलीस की काय?"

"घोड्यावरून आले. कोरडे कपडे दे आधी, मग किंचाळ."

पोर आडवं नव्हतं, पण नाळेचा गळ्याला वेढा बसला होता आणि अंग निळं पडत चाललं होतं. मेरनने बोट घालून वेढा सोडवला, पाठ चोळली, तोंडात फुंकर मारली. बऱ्याच वेळाने पोर रडलं. मुलगी होती. अजून थोडा उशीर झाला असता तर ती रडली नसती, हे त्या खोलीतल्या तिघींनाही कळत होतं.

लाउरी पोचला तो पांढराफटक पडलेला. वळशाच्या वाटेवरून त्याने सगळं पाहिलं होतं.

"तू बुडालीस असं समजून मी टोपी काढून उभा राहिलो गं," तो म्हणाला. "पण मधेच का नाही नाव घेतलंस?"

"म्हणजे तळ्याच्या मधोमध उतरायचं? आयतं वाहन मिळालं होतं मला."

लाउरीने ही गोष्ट वाडीवाडीला सांगितली. लोकांनी घोडा मानला, बुड्या मानल्या. मेरन एवढा वेळ गप्प बसली, हे मात्र कुणी मानेना.

त्या भागात पोरांना नावं ठेवायची ती आजी-पणजींची. मेरनच्या हातून अख्खा गाव जन्मला, पण तिचं नाव कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. बारशाच्या रविवारी ऑस्लाने चर्चमध्ये पोर तिच्याच हातात दिलं. पाद्रीबाबांनी नाव विचारलं.

"मेरन," ऑस्ला म्हणाली.

मेरनने मान ताठ केली, सगळ्या बाकांवरून एकदा नजर फिरवली आणि पोरीला सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. पाद्रीबाबांना पाणी शिंपडायला हात लांब करावा लागला. तिने काही पोर खाली घेतलं नाही.