तेलाचे हात

तळहातावर तेल घेतलं की मावशी ते आधी स्वतःच्या गालाला लावून बघत. "लई गरम नाय," असं स्वतःशीच म्हणत आणि मगच आमच्या लेकीला पायांवर घेत.

बाळाला मालिश करून न्हाऊ घालणाऱ्या अशा मावशी तुमच्याही घरी येऊन गेल्या असतील. आमच्या मावशी मूळच्या बिडकीन गावच्या. क्रांती चौकामागच्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. बापाला तिथं उभं राहायचीही परवानगी नसे. "भाऊ, तुमी हाफिसला जा. तुमाला बघून रडती ती."

लेक नऊ महिन्यांची झाली तरी तिचे डोळे नाकाकडे वळलेलेच राहत. डॉक्टरांनी बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलं. "ते सुरकुत्यांचं?" बायकोनं विचारलं. तेच. डोळा आत ओढणारा स्नायू काही महिने सैल पडतो आणि तेवढ्यात दोन्ही डोळे एकत्र बघायला शिकू शकतात, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून मावशींनी त्या दिवशी आमच्याकडचा चहासुद्धा घेतला नाही.

इंजेक्शन झालं. डोळ्यांना हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. दुसऱ्या सकाळी बायको मावशींना म्हणाली, "चेहरा सोडून बाकी मालिश करा." त्यांनी मान डोलावली.

तीन-चार दिवसांत उजवी पापणी खाली आली. औषध पापणीपर्यंत पसरलं की असं होतं, बहुतेक वेळा आपोआप भरून येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण बुबुळ झाकलेलंच राहिलं तर त्या डोळ्याची नजर कायमची मंदावू शकते. मी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा मावशींनी तेलाची वाटी खाली ठेवली.

"भाऊ, माझाच हात गेला तिथं. शेवटी नाक दाबतो ना आमी, नीट बसावं म्हणून. सवयीनं गेला."

बायकोनं लेकीला उचलून आतल्या खोलीत नेलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

हात न लावताही असं होतं, हे मी डॉक्टरांना विचारून आलो. मावशी म्हणाल्या, "डाक्टर भले हायत. म्हणून म्हणत्यात तसं."

पुढे रोज मी लेकीला उजेडात धरून बुबुळ किती दिसतं ते बघायचो. मावशी यायच्या, पण दारातूनच विचारायच्या.

"उघडला का?"

"अजून नाही."

"व्हय." आणि लगेच निघायच्या.

पापणी हळूहळू वर येत गेली. एका सकाळी बुबुळ पूर्ण दिसलं, तेव्हा मावशी दारातच होत्या. "आत या ना," बायको म्हणाली. लेकीनं मान वळवली. दोन्ही डोळे सरळ, एकाच वेळी मावशींवर. मग तिनं 'घे' म्हणून हात पुढे केले.

मावशींनी आपले हात पाठीमागे नेले.

"बघती," त्या म्हणाल्या. "झालं."

मी जिन्यावरून हाका मारल्या. त्या थांबल्या नाहीत. पुढे कळलं, त्या बिडकीनला भावाकडे राहायला गेल्या आणि मालिशीचं काम त्यांनी सोडलं. आमची लेक मात्र कितीतरी दिवस त्या वेळेला दाराकडे बघत बसायची, दोन्ही डोळ्यांनी.