त्या साक्षीदार नव्हत्या

निरोप आला तेव्हा मी वर्गात शिकवत होते. तास संपल्यावर फोन पाहिला, तर कॉलेजच्या ग्रुपवर दोन ओळी… 'कार्यालयातील ज्येष्ठ लिपिक नीला दातार यांचे हृदयविकाराने निधन. शोकसभा सोमवारी.' खाली जोडलेल्या हातांची रांग. निवृत्तीला चार महिने उरले होते त्यांच्या. याला आता सहा आठवडे होतील. एवढ्या दिवसांत दुःख थोडं निवायला हवं होतं. पण त्या सोमवारी आमच्या प्राचार्यांनी व्यासपीठावरून एक वाक्य म्हटलं, ते काही केल्या निवत नाही. "नीलाताई आमच्या परदेश उपक्रमाच्या साक्षीदार होत्या." साक्षीदार म्हणे. ज्या बाईने घर बांधलं, ती म्हणे समोरच्या फुटपाथवरून बघत उभी होती.

आमच्या कॉलेजातून दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी चेक देशातल्या एका छोट्या गावातल्या विद्यापीठात एक सत्र शिकायला जातात. करारावर सह्या मोठ्यांच्या. तिकडची पत्रं वाचणं, उत्तरं लिहिणं, व्हिसाचे कागद जमवणं, वसतिगृहाची खोली मिळवणं, हे सगळं नीलाताईंचं. सुरुवातीला त्या नारायण पेठेतल्या घरून येताना डब्याबरोबर इंग्रजी शब्दकोश आणायच्या. बी.ए.ला इंग्रजीत काठावर पास झाल्याचं त्या स्वतःच सांगायच्या.

मी इथे विद्यार्थिनी असताना माझी निवड झाली, तेव्हा वडील ऐकेनात. आम्ही वाघोलीचे, घरात शेती. पोरीने एकटीने विमानात बसायचं हेच त्यांना झेपत नव्हतं. नीलाताईंनी त्यांना ऑफिसात बोलावून घेतलं, खुर्ची दिली.

"पोरगी हाय ओ. एकटी कशी धाडायची?" वडील म्हणाले.

"अहो, विमानात तीनशे माणसं असतात. तुमच्या नगर रोडच्या बसपेक्षा सोबत जास्तच."

वडील हसले नाहीत, पण सही करून आले.

त्या पाच महिन्यांत मी नदीच्या गाळाचे नमुने गोळा करताना बोटं बधिर करून घेतली, पाच विषयांच्या परीक्षा दिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एका प्राध्यापकांना तोंडावर म्हणाले, मला हे पटत नाही. ते म्हणाले, का ते सांगा… आणि चक्क वही काढून माझं म्हणणं लिहून घेतलं. परत आले ती वेगळी मुलगी होऊन. आणि मग इथली गुणपत्रिका हातात पडली. पाचही विषयांपुढे एकच शब्द होता, 'गैरहजर'.

कारण साधं होतं. तिकडचे गुण इथे धरावेत असं पत्र आमच्या कॉलेजने विद्यापीठाला पाठवायचं होतं. नीलाताईंनी ते वेळेत तयार करून तेव्हाच्या उपप्राचार्यांकडे दिलं होतं. त्यांच्या खणातून ते पुढे सरकलंच नाही. मी भेटायला गेले तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "वर्ष पुन्हा कर. अनुभव तर मिळाला ना?" घरी वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केली. त्यांच्या लेखी मी परदेशात जाऊन नापास होऊन आले होते.

नीलाताईंनी मला धीर वगैरे दिला नाही. "रडून झालं की चल," म्हणाल्या. पत्र साहेबांना मिळाल्याची नोंद आणि त्यांची सही ज्या नोंदवहीत होती, ती काखेत मारून आम्ही बसने विद्यापीठात गेलो. परीक्षा विभागातला माणूस म्हणाला, इथले साहेब जेवायला गेलेत. "परत येतात ना? मग आम्ही थांबतो." त्या दिवशी साहेब आले नाहीत. दुसऱ्या दिवशी बैठकीत होते. आम्ही नऊ वेळा गेलो. प्रत्येक वेळी नीलाताई अर्ध्या दिवसाची रजा टाकायच्या. नवव्या वेळी ते साहेब भेटले, तेव्हा वही उघडून नीलाताईंनी सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हजर मुलीला गैरहजर लिहायला तुमच्याकडे कोणता नियम आहे, तेवढा दाखवा. आम्ही जातो."

पंधरा दिवसांनी सुधारलेली गुणपत्रिका आली. त्याच आठवड्यात नीलाताईंच्या हातात नोटीस पडली… कार्यालयीन दप्तर परवानगीविना बाहेर नेल्याबद्दल खुलासा करावा. सही उपप्राचार्यांची. पत्र दाबून ठेवणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही. वही बाहेर नेणाऱ्या बाईची वेतनवाढ एक वर्ष रोखली.

पुढच्या वर्षी तिकडच्या विद्यापीठाने आमच्यासारख्या कॉलेजांच्या कार्यालयात काम करणाऱ्यांसाठी तिकडे एक आठवड्याचं प्रशिक्षण ठेवलं. निमंत्रण नीलाताईंच्या नावाने आलं, कारण तिकडे सगळे त्यांनाच ओळखत होते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी पासपोर्ट काढला. चौकशीला आलेल्या पोलिसाला चहा दिल्याचं त्यांनी मला तीनदा सांगितलं. गरम कोट कुठला घ्यावा, हे मला विचारलं… मलाच. आणि मग कॉलेजने कळवलं, लिपिक पदावरील व्यक्तीला पाठवणं संस्थेच्या प्रतिष्ठेला धरून नाही. उपप्राचार्य गेले. येताना चॉकलेटचा डबा आणला. नीलाताईंनी तो सगळ्या टेबलांवरून फिरवला आणि रिकामा करून कचऱ्यात टाकला. स्वतः एकही खाल्लं नाही. मी रागाने काही बोलू लागले तर म्हणाल्या, "जाऊ दे. निदान यापुढे त्यांना विमानाच्या चौकशा माझ्याकडे कराव्या लागणार नाहीत."

तेच उपप्राचार्य आज प्राचार्य आहेत. साक्षीदार हा शब्द त्यांचाच.

मी आता याच कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. हे छापून आल्यावर माझे तास कमी होतील. होऊ देत.

गेल्या आठवड्यात ऑफिसात गेले होते. नीलाताईंच्या खुर्चीवर नवा लिपिक बसला आहे. यंदा जाणाऱ्या मुलांसाठी तो एका कागदाच्या प्रती काढत होता. वर कॉलेजचं बोधचिन्ह, खाली नाव कोणाचंच नाही, पण अक्षर त्यांचं. 'पहिले दोन दिवस रडू येतं. तिसऱ्या दिवशी भाजी आणायला बाहेर पडावं. घरी खोटं सांगू नये, पण सगळंही सांगू नये. अडचण आली तर मला पत्र लिहावं, रविवारीही उत्तर देते.' लिपिकाला म्हटलं, यावर त्यांचं नाव घाला. तो म्हणाला, "मॅडम, वरून ऑर्डर लागेल."

मी पेन काढलं, त्याच्या टेबलाशी उभी राहिले आणि एकेका प्रतीवर शेवटच्या ओळीखाली लिहीत गेले… नीला दातार. तो बघत होता. अर्धा गठ्ठा झाल्यावर त्याने उरलेले कागद माझ्यासमोर सरळ करून ठेवले.