सबसिडीपुरते आईबाबा

मंडळी, आज डोकं फिरलंय. मी इथे अमेरिकेत इन्शुरन्स एजंट. बेलव्ह्यूतल्या एका गृहस्थांची नोकरी गेली, म्हणून फोनवर त्यांचा स्टेट मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी सबसिडीतल्या आरोग्य विम्याचा, अर्ज भरत होते.

"घरात किती जण?"

"सहा लिहा. भारतातून आईबाबा आलेत ना."

"ते टुरिस्ट व्हिसावर आहेत. तुमच्या टॅक्स रिटर्नमध्ये नाहीत, इथे धरता येणार नाहीत."

"जन्मदाते घरचे नाहीत? माणसं वाढली की सबसिडी वाढते. मराठी असून एवढंही करत नाही?"

"खोटं लिहिणार नाही. बरं, आईबाबांचा इन्शुरन्स काढलाय?"

"त्यांचा कशाला? ते तर पाहुणे!"

फोन कट केला मी. सबसिडीला घरचे आणि आजारपणाला पाहुणे! तुमच्याकडे आलेले आईबाबा कोण असतात हो?